विंगेतला आवाज

भाऊबीजेला बहिणीने ओवाळायचे आणि भावाने तबकात ओवाळणी घालायची, हा व्यवहार वरकरणी फार सोपा दिसतो. पण बहीण पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आणि भाऊही तिच्यामागून चार पावलांवर येऊन ठेपला, म्हणजे तबकात काय घालावे हा प्रश्न बिकट होऊन बसतो. साडी नेली तर कपाटात जागा नाही. पाकीट दिले तर ‘आता पैसे घेऊन काय करू?’, पेढे नेले तर डॉक्टरांची आठवण. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी पुण्याला अक्काकडे निघालो, तेव्हा सौभाग्यवतीने पिशवीत चकल्यांचा डबा ठेवला आणि बजावले, ‘‘वन्संना काय हवं ते या वेळी विचारूनच घ्या. दरवर्षी आपलं काहीतरी नेता आणि त्या ते कुणालातरी देऊन टाकतात.’’

मी मान डोलावली. पण पंच्याहत्तरी गाठत आलेला भाऊ बहिणीला ‘तुला काय हवे’ असे सरळ विचारू शकतो काय? निदान मला तरी ते कधी जमलेले नाही.

रात्री जेवणे झाली. भाच्याने दिवाणखान्यातला तो भिंतभर दूरदर्शन संच सुरू केला आणि म्हणाला, ‘‘मामा, तुमच्यासाठी एक चित्रपट शोधून ठेवलाय. नाटकवाल्यांचा आहे. नाव ‘द ड्रेसर’.’’

अक्का वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘ड्रेसर म्हणजे दवाखान्यात पट्टी बांधतो तो ना?’’

आम्ही सगळे हसलो. पण चित्रपट संपला तेव्हा मला वाटले, की अक्काचा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता.

ड्रेसर म्हणजे रंगपटात नटाला कपडे चढवणारा माणूस. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांत कपडेपट सांभाळणारी माणसे असत, त्यांच्याच जातीचा. परंतु हा नुसते कपडे चढवीत नाही. नटाला उठवतो, बसवतो, चहा पाजतो, टोप चढवतो, वाक्ये आठवून देतो, धीर देतो, शिव्या खातो आणि वेळ झाली की त्याला रंगमंचाच्या उजेडात ढकलून स्वतः अंधारात उभा राहतो.

हे मूळचे नाटक. रोनाल्ड हारवुड या लेखकाचे. १९८० साली ते प्रथम मँचेस्टरला आणि मग लंडनला रंगभूमीवर आले. हारवुड जन्माने दक्षिण आफ्रिकेतला, केपटाउनचा. विलायतेत आल्यावर १९५३ पासून पाच वर्षे तो सर डोनल्ड वुल्फिट या नटाचा ड्रेसर होता. वुल्फिट म्हणजे शेक्सपियरची नाटके घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या नट-मालकांच्या पिढीतला अखेरचा शिलेदार. महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा दुपारच्या जेवणाच्या सुटीत शेक्सपियरचे प्रवेश करून दाखवणारा हाच. त्याचा ‘किंग लिअर’ गाजला होता. याच हारवुडने पुढे वुल्फिटचे चरित्र लिहिले आणि ‘द पियानिस्ट’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर पारितोषिकही मिळवले. २०२० साली तो वारला. पण त्याच्या नाटकातला नट म्हणजे हुबेहूब वुल्फिट नव्हे, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. लेखकांना असे सांगून ठेवावेच लागते.

या नाटकावर १९८३ साली एक मोठा चित्रपट निघाला होता. त्यात आल्बर्ट फिनी नट आणि टॉम कोर्टने ड्रेसर. तो मी फार वर्षांपूर्वी पाहिला होता आणि त्यातला एकच प्रसंग ध्यानात राहिला होता. मंडळी स्टेशनवर पोचतात, गाडी हलू लागलेली असते, आणि हा नट फलाटावरून अशी काही गर्जना करतो की गाडी थांबते! दादर स्टेशनवर लोकलमागे धावताना तो प्रसंग मला कितीदा तरी आठवला आहे. गाडी मात्र माझ्यासाठी एकदाही थांबली नाही.

भाच्याने लावलेला चित्रपट निराळा. तो बी.बी.सी.ने खास दूरदर्शनसाठी केला आणि ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी दाखवला. दिग्दर्शक रिचर्ड आयर. नट झाला आहे अँथनी हॉपकिन्स आणि त्याचा ड्रेसर नॉर्मन झाला आहे इयान मकेलन. गंमत अशी, की नाटकातल्या नटाला नावच नाही. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात. आणि इकडे हॉपकिन्स आणि मकेलन हे दोघेही प्रत्यक्षात ‘सर’! दोघांनीही खऱ्या रंगभूमीवर लिअर केलेला. दोघांचेही वय पंच्याहत्तरीच्या पुढे. अशा दोन म्हाताऱ्या सरदारांपैकी एकाने राजा व्हायचे आणि दुसऱ्याने त्याचे बूट काढायचे. मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

गोष्ट एका रात्रीची आहे. १९४२ सालचा जानेवारी. इंग्लंडातले एक आडगाव. तरुण नट सगळे लढाईवर गेलेले. मंडळीत उरलेत ते म्हातारे आणि लंगडे. त्यांतला एक विदूषक पोलिसांनी धरून नेलेला. आणि खुद्द सर दुपारी भर बाजारात भ्रमिष्टासारखे अंगावरचे कपडे काढू लागले म्हणून त्यांना इस्पितळात टाकलेले. संध्याकाळी ‘किंग लिअर’चा प्रयोग आहे. ‘हर लेडीशिप’, म्हणजे सरांच्या बाईसाहेब, म्हणतात प्रयोग रद्द करा. मॅज नावाची व्यवस्थापिका आहे, वीस वर्षे या माणसावर मुकाट्याने जीव लावून बसलेली. तीही म्हणते रद्द करा. एकटा नॉर्मन म्हणतो, नाही. आणि तेवढ्यात सर इस्पितळातून उठून आपले आपणच रंगपटात येऊन उभे राहतात.

पुढचा तासभर एका माणसाने दुसऱ्या माणसाला उभे करण्याचे काम चालू असते. सरांना आज कोणते नाटक आहे तेच आठवत नाही. ते आरशापुढे बसतात आणि ऑथेल्लोसाठी तोंडाला काळा रंग फासू लागतात! लिअर त्यांनी दोनशे सव्वीस वेळा केलेला आहे. आजचा दोनशे सत्ताविसावा. आणि पहिले वाक्य आठवत नाही. नॉर्मन ते सांगतो. पुन्हा विसरतात. नॉर्मन पुन्हा सांगतो. तो विनोद करतो, चुचकारतो, दटावतो, खिशातल्या बाटलीतून मधूनच घोट घेतो आणि पुन्हा आईच्या चिकाटीने कामाला लागतो. मकेलनचे हात पाहावेत! कपड्याची घडी, टोप, दाढी, मुकुट. सोळा वर्षांची सवय त्या बोटांत दिसते.

दूरदर्शनवर नाटक पाहायला मी एरवी फारसा राजी नसतो. १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर चाळीतल्या ज्या एका घरी संच आला, तिथे दारात चपलांचा ढीग टाकून आम्ही पुष्कळ नाटके पाहिली. पण ती बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पाहिल्यासारखी वाटत. इथे तसे होत नाही. कारण हे नाटक मुळात प्रेक्षागृहातून पाहायचे नाहीच. ते रंगपटातून पाहायचे आहे. कॅमेरा आरशाच्या काठाशी येऊन बसतो. रंगाखाली घामाचा थेंब कुठे फुटला आणि डोळ्यांत भीती कुठे उतरली, ते दिसते. थिएटरात तिकीट काढून येणाऱ्याला जी जागा कधीच मिळत नाही, ती जागा आपल्याला मिळते. ड्रेसरची.

‘‘याला ‘नटसम्राट’ माहीत असणार,’’ अक्का मध्येच म्हणाली.

माहीत असण्याचे कारण नाही. पण नाते मात्र आहे. दोन्हींचा आजोबा एकच: लिअर. आपले सर्वस्व वाटून टाकून वाऱ्यावर पडलेला म्हातारा राजा. शिरवाडकरांनी त्याला मराठी नटाचा फेटा बांधला आणि अप्पासाहेब बेलवलकर केले. १९७० च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागूंनी ते उभे केले, आणि आमच्या पिढीला एक वेडच लागले. योगायोग पाहा, ‘द ड्रेसर’ दूरदर्शनवर येऊन दोनच महिने झाले होते, तोच १ जानेवारी २०१६ रोजी नाना पाटेकरांचा ‘नटसम्राट’ चित्रपट आपल्याकडे लागला. एकाच मोसमात दोन देशांत दोन म्हातारे नट आपापल्या लिअरची वाक्ये शोधत होते.

अक्काने ‘नटसम्राट’चे नाव काढले आणि माझ्या पोटात काहीतरी हलले. कारण त्या नावाशी आम्हा दोघांचे एक जुने खाते आहे, आणि ते इतकी वर्षे मिटलेले नव्हते.

सन १९७४. मी एका विमा कचेरीत कारकून होतो. वय चोवीस. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेत मास्तरीण. वडील आजारी असल्यामुळे घर तिच्याच पगारावर चालले होते, आणि म्हणूनच तिचे लग्न लांबले होते. शिवाजी मंदिरात आम्ही दोघांनी डॉ. लागूंचा प्रयोग पाहिला. परतताना मी बसच्या थांब्यावरच हातवारे सुरू केले. पुढे कचेरीच्या स्नेहसंमेलनात ‘नटसम्राट’मधला एक प्रवेश करायचे ठरले आणि अप्पासाहेब झालो मी! चोवीस वर्षांचा, गालफडे बसलेला अप्पासाहेब. आज त्या छायाचित्राकडे पाहिले की शिरवाडकरांची क्षमा मागावीशी वाटते.

तालमी कचेरीत कमी आणि चाळीच्या गॅलरीत जास्त झाल्या. पुस्तक अक्काच्या हातात असे. पहिल्या आठवड्यात ती पुस्तकात पाहून सांगे. दुसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटलेले असे. तिसऱ्या आठवड्यात ती पोळ्या लाटता लाटता मला चुकलेला शब्द सांगू लागली. प्रयोगाच्या दिवशी प्रॉम्प्टर म्हणून जो गृहस्थ ठरला होता त्याला ताप आला, आणि माझ्या कचेरीच्या संमेलनात, सगळ्या परक्या माणसांत, अक्का विंगेत जाऊन उभी राहिली. त्याआधी तिने माझे धोतर इस्त्री केले होते, शाल रफू केली होती, केसांत पांढरी पावडर घातली होती आणि मिशी डिंकाने नीट बसेपर्यंत बोटाने दाबून धरली होती.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. सुरुवात बरी झाली. आणि मग त्या लांबलचक स्वगतात, अगदी मध्यावर, माझे डोके कोरे झाले. विसरणे म्हणजे काय ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. एखादा शब्द आठवत नाही असे नव्हे. भाषाच आठवत नाही. समोर पहिल्या रांगेत आमच्या मोठ्या साहेबांचे टक्कल चमकत होते, एवढेच जगात शिल्लक होते. किती वेळ गेला देव जाणे. आणि डाव्या विंगेतून एक शब्द आला. एकच. वाऱ्यावर पीस यावे तसा. मी तो धरला आणि पुढचे सगळे स्वगत त्याच्यामागून धावत आले. टाळ्या पडल्या. मला अभिनयाचा चषक मिळाला. तो आजही आमच्या काचेच्या कपाटात आहे. त्यात सध्या किल्ल्या असतात.

प्रयोग संपल्यावर रंगपटात आलो. अक्का माझ्या शालीची घडी घालत होती. तिने हसून वर पाहिले. आणि मी तिला पहिले वाक्य काय बोललो असेन?

‘‘एवढ्या मोठ्यानं सांगतात का कधी? पहिल्या रांगेत ऐकू गेलं असेल!’’

तिचे हसू जिथल्या तिथे राहिले. ती काही बोलली नाही. घडी पुरी केली, शाल पिशवीत ठेवली. नंतर चषक घेताना मी चार शब्द बोललो. साहेबांचे आभार, दिग्दर्शकाचे आभार, रंगभूषा करणाऱ्याचे, दिवेवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे. चहा वेळेवर आणल्याबद्दल कँटीनच्या पोऱ्याचेसुद्धा. अक्का मागच्या दाराशी पिशवी घेऊन उभी होती. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती पुण्याला गेली.

पडद्यावर आता वादळ सुरू झाले होते. लिअरमधले प्रसिद्ध वादळ. त्याआधी हवाई हल्ल्याचा भोंगा झालेला. नॉर्मनने बिचाऱ्याने अडखळत अडखळत प्रेक्षकांपुढे जाऊन खेळ चालू राहील म्हणून सांगितलेले. सरांची प्रवेशाची वेळ टळलेली, तिकडे रंगमंचावरचे नट मनची वाक्ये घालून वेळ काढताहेत. शेवटी एकदाचे सर गेले. आणि मग विंगेत नॉर्मन आणि मंडळी पत्रा हलवताहेत, नगारा बडवताहेत, घामाने निथळताहेत. सर त्या गडगडाटात असा लिअर उभा करतात, की जणू आयुष्यभराची सगळी पुण्याई त्या एका रात्री खर्ची घातली.

आणि आत आल्याबरोबर सर कडाडतात: वादळ कुठे होते? मला वादळ ऐकूच आले नाही!

मी अक्काकडे पाहिले नाही. पाहण्याची छाती झाली नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, की तिच्या हातातली वात थांबली आहे. आणि मग ती हसली. खुसखुसून, तोंडाला पदर लावून, मुलीसारखी हसली.

शेवट सांगून टाकतो. कारण अशा गोष्टींत शेवट कळल्याने काही बिघडत नाही. सर आत्मचरित्र लिहिणार असतात. लिहून झालेले असते ते फक्त अर्पणपत्रिकेचे पान. प्रयोगानंतर ते नॉर्मनला ते वाचायला सांगतात. नॉर्मन वाचतो. सुतार, दिवेवाले, सामान हलवणारे, प्रेक्षक, सगळ्यांचे ऋण त्यात मानलेले आहे. नॉर्मनचे नाव नाही. आणि हे विचारायला म्हणून तो मान वर करतो, तर खुर्चीतला माणूस संपलेला आहे.

मकेलन तिथे जे करतो ते सांगण्यासारखे नाही. तो रडतो, चिडतो, त्या मेलेल्या माणसाशी भांडतो. दुःख कुठे संपते आणि संताप कुठे सुरू होतो ते कळत नाही.

चित्रपट संपला. घरात थोडा वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, ‘‘मूर्खपणा त्या नॉर्मनचाच. सोळा वर्षं राबला, एकदा तरी हक्क मागायला हवा होता.’’

‘‘कृतघ्न तो सर!’’ मी जरा जोरातच म्हणालो. अपराधी माणूस दुसऱ्याच्या अपराधाबद्दल नेहमीच जोरात बोलतो. ‘‘दोन शब्द लिहिले असते तर काय बिघडत होतं?’’

अक्काने चष्मा काढून पुसला. ‘‘तुम्ही दोघंही त्या नॉर्मनला फार गरीब समजता,’’ ती म्हणाली. ‘‘तो काही गरीब नाही. सर आजारी होते ना? इस्पितळात निजू द्यायला नको होतं? बाईसाहेब सांगताहेत, मॅज सांगतेय. पण यानंच हट्टानं उभं केलं त्यांना. का? तर प्रयोग झाला नाही, तर याला काही कामच नाही. सरांना त्याची गरज होती तशीच त्याला सरांची होती. नाव घातलं असतं, तरी उद्या सकाळी उठून कुणाचा टोप विंचरायचा होता त्यानं? तो रडतो ते त्यासाठी.’’

मी गप्प झालो. मला आठवले ते बालगंधर्वांचे. १२ मार्च १९११. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. तरी ते उभे राहिले, प्रयोग झाला. ही कथा आपण शंभर वर्षे अभिमानाने सांगत आलो आहोत. पण त्या संध्याकाळी त्यांना साडी नेसवताना जवळ कोण उभे असेल, त्याच्या मनात काय चालले असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. ते आता आले. ‘खेळ झालाच पाहिजे’ असे म्हणणारा नट आपल्याला दिसतो. त्याचे बंद बांधणारा हात दिसत नाही. आणि तो हात प्रेमाने बांधतो की हट्टाने, हे तर बहुधा त्या हातालाही ठाऊक नसते.

भाचा झोपायला गेला. अक्काने वातींचा डबा बंद केला. मी मनाशी खूप जुळवाजुळव केली आणि म्हणालो, ‘‘अक्का, त्या संमेलनात मी सगळ्यांचे आभार मानले आणि तुझं नाव घेतलं नाही. आठवतं तुला?’’

‘‘आठवतं की. कँटीनच्या पोऱ्याचं घेतलंस.’’

‘‘तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि...’’

‘‘तुझ्यासाठी?’’ अक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की शाळेतली मुले तिला का भीत असतील ते मला कळले. ‘‘अरे, मला ते नाटक सगळं पाठ होतं. तुझं एकट्याचं नव्हे, सगळ्यांचं. त्या विंगेत अंधारात उभी राहून मी तुमच्या सगळ्यांच्या भूमिका एकटी करत होते. ओठांतल्या ओठांत. अप्पासाहेबही मीच आणि कावेरीही मीच. दिवसभर शाळा, संध्याकाळी बाबांचं औषधपाणी. त्यात तेवढे तीन आठवडे माझे होते. आणि तुला वाटतंय, मी तुझी शाल सांभाळायला आले होते!’’

पन्नास वर्षे मी मनात एक ओझे बाळगले होते आणि त्या ओझ्याचीसुद्धा मला थोडी घमेंड होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. माझ्यासाठी कुणीतरी झिजले, ही जाणीव बोचते खरी. पण त्या बोचण्यात आपण मध्यावर उभे असतो, प्रकाश आपल्यावरच असतो. अक्काने तो दिवाच बंद केला.

‘‘म्हणजे तुला काहीच लागलं नाही?’’ मी विचारले.

ती उठून उभी राहिली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मग म्हणाली, ‘‘लागलं. आभाराचं नाही. तू म्हणालास, मोठ्यानं सांगितलंस. ते खोटं होतं. मी आवाज मोजून टाकला होता. आठ दिवस रोज रात्री गॅलरीत उभी राहून, तू आत खोलीत असताना, किती हळू बोललं म्हणजे तुला तेवढं ऐकू जाईल आणि शेजारच्या काकूंना जाणार नाही, ते मी बघितलं होतं. माझं काम चोख झालं होतं. ते तू नासकं म्हणालास.’’

आता खरी गोष्ट सांगायची वेळ आली होती, आणि ती सांगायला माझ्याजवळ शब्द होते; विसरलो मुळीच नव्हतो. त्या रात्री चषक देताना मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, ‘‘काय तो मधला विराम घेतलात हो! अंगावर काटा आला.’’ पहिल्या रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला काहीही ऐकू गेले नव्हते. म्हणजे अक्काला बोललो ते खोटे होते, हे मला पंधरा मिनिटांत कळले होते. परतताना आम्ही दोघे ट्रॅममधून नव्हे, ट्रॅम तेव्हा दहा वर्षांपूर्वीच बंद झाली होती, बसमधून शेजारी शेजारी बसून घरी आलो. अर्धा तास होता माझ्याजवळ. मी साहेबांचे वाक्य तिला सांगितले नाही. कारण ते सांगितले असते तर तो विराम माझा राहिला नसता, तिचा झाला असता.

हे सगळे मी तिला सांगितले. अडखळत सांगितले, आणि या वेळी विंगेतून कुणी शब्द दिला नाही.

अक्का ऐकून घेत उभी होती. मग म्हणाली, ‘‘काटा आला म्हणाले? साहेब?’’

‘‘हो.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवायला गेली. पण जाताना तिने मान थोडी मागे टाकली होती, आणि ती चाल मी ओळखली. टाळ्या पडल्यावर नट आत जातो, तेव्हा तो तसाच चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ओवाळले. मी तबकात पाकीट घातले. तिने ते नेहमीप्रमाणे नातवाच्या हातात दिले. सौभाग्यवतीची आज्ञा आठवून मी म्हणालो, ‘‘अक्का, ती रात्र मी कुठेतरी लिहीन म्हणतो. तुझ्या नावानिशी. निदान तेवढी अर्पणपत्रिका तरी.’’

‘‘नाव नको,’’ ती पटकन म्हणाली. ‘‘शेजारीपाजारी विचारत बसतील. पण आवाजाचं मात्र लिही.’’

म्हणून लिहितो. नाव घालत नाही. पण १९७४ सालच्या त्या संमेलनाला हजर असलेले आणि आज ही ओळ वाचणारे कुणी असतील, तर त्यांनी ध्यानात घ्यावे: त्या रात्री डाव्या विंगेतून आलेला आवाज मोठा नव्हता. पहिल्या रांगेत तो कुणालाही ऐकू गेला नाही. तो अगदी जेवढा हवा तेवढाच होता.